विश्लेषण : प्रोसेसर ९५ अंशांवर... घाबरायचे की खेळत राहायचे?

अकोल्यातली मे महिन्यातली दुपार. बाहेर ४४ अंश. खिडकीतला कूलर धडधडत होता आणि भाच्याच्या टेबलाखालच्या गेमिंग कॉम्प्युटरचे पंखे त्याच्याही वर आवाज करत होते. ‘‘मामा, दुपारी गेम लय अटकते. रात्री जरा बरी चालते,’’ ही त्याची तक्रार. मशीन दिवाळीत घेतलेले, जवळपास दीड लाखाचे. दुकानदाराने ‘ओसी करून दिलंय’ असे कौतुकाने सांगितले होते. ओसी म्हणजे ओव्हरक्लॉक. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणे. तक्रार घेऊन गेल्यावर त्याच दुकानाने निदान केले, की ग्राफिक्स कार्ड कमी पडते आहे, वरचे घ्या. फरक ३५ हजारांचा. भाऊजी पैसे द्यायला तयारही झाले होते.

तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला आणि भाच्याला दहा मिनिटे खेळायला सांगितले. अर्ध्या मिनिटात प्रोसेसर १०० अंशांना टेकला आणि तिथेच चिकटून बसला. वेग जाहिरातीतल्या साडेपाच गिगाहर्ट्झवरून साडेतीनच्याही खाली. प्रोसेसरवरचा कूलर खोलला तेव्हा त्याच्या तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकचे संरक्षक पान तसेच चिकटलेले होते. ‘लावण्यापूर्वी काढा’ असे त्यावर इंग्रजीत छापलेलेही होते! सात महिने हे मशीन अंगावर रेनकोट घालून धावत होते, आणि दुकानदार, भाचा, भाऊजी यांपैकी कोणीही एकदाही तो एक आकडा पाहिला नव्हता.

असे अपघात विरळ नाहीत. पण प्लास्टिकच्या पानापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे. प्रोसेसरचे तापमान बघणे हा आजही ‘ओव्हरक्लॉक करणाऱ्या पोरांचा’ छंद समजला जातो. तो तसा राहिलेला नाही, आणि याला ग्राहकांपेक्षा कंपन्या जास्त जबाबदार आहेत, असे माझे मत आहे.

मशीन बंद का पडले नाही?

कारण ते बंद पडू नये अशीच त्याची रचना आहे. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक चक्क उचलून काढला. इंटेलचा पेंटियम-४ मंदावला, पण गेम चालू राहिला, पेंटियम-३ गोठला, एएमडीचा त्या काळचा अ‍ॅथलॉन मात्र धूर सोडत जळाला. त्या चित्रफितीने बरीच खळबळ उडवली. आज दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरमध्ये सिलिकॉनच्या आतच अनेक तापमान-संवेदक असतात. ठरावीक मर्यादा आली की प्रोसेसर स्वत:च वेग आणि व्होल्टेज उतरवतो. याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. तेवढ्यानेही भागले नाही तर तो सरळ बंद होतो.

तुमच्या हातातला फोनही हेच करतो. उन्हात दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून ठेवला की स्क्रीन अंधारते, सगळे रेंगाळते. पण फोन निदान हाताला चटका देऊन सांगतो तरी. टेबलाखालचा कॉम्प्युटर सांगत नाही. तो फक्त हळू होतो, आणि हळू झालेल्या मशीनवर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे विंडोज नव्याने टाका किंवा काहीतरी महाग विकत घ्या. संरक्षणाची ही सोय प्रोसेसरला वाचवते हे खरेच. पण ती दोषही झाकून ठेवते.

वेग थोडा, ताप फार

प्रोसेसरमधली उष्णता साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. आणि वेग वाढवायचा तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावे लागते. हिशेब करून पाहा. वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर १.१ चा तिनदा गुणाकार, म्हणजे १.३३. दहा टक्के वेगासाठी ३३ टक्के जास्त उष्णता. शिवाय सिलिकॉन जितके तापते तितकी त्यातून वाया जाणारी वीजही वाढते. म्हणजे तापच आणखी ताप वाढवतो.

पूर्वी हा सौदा फायद्याचा होता. १९९८ मधला इंटेलचा सेलेरॉन ३००ए आठवणारे वाचक आता चाळिशीच्या पुढे असतील. मदरबोर्डचा बस-वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही जवळजवळ फुकट! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन घरी मशीन जोडणाऱ्या पिढीला ओव्हरक्लॉकिंगची गोडी लागली ती अशा प्रोसेसरांमुळे. तेव्हा कंपन्या बरीच क्षमता शिल्लक ठेवून प्रोसेसर विकत. आता ती शिल्लक कंपन्याच वापरून टाकतात. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा मूळ स्वरूपातच ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि २५३ वॉटपर्यंत वीज खाण्याची त्याला अधिकृत मुभा आहे. ही सगळी उष्णता अडीच-एक चौरस सेंटीमीटरच्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची असते. जुने १०० वॉटचे अडीच बल्ब नखाएवढ्या जागेत कोंबले तर काय होईल, तसे. कपड्यांच्या इस्त्रीचा तळही एवढ्या जागेतून याच्या कित्येक पट कमी उष्णता सोडतो. विक्रम करणारे २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेले, पण त्यासाठी प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओतावा लागला, ज्याचे तापमान उणे २६९ अंशांच्या आसपास असते. घरच्या माणसाला आता उरलेय काय, तर दोनचार टक्के. तेही गेममध्ये क्वचितच जाणवणारे, कारण मोठ्या रिझोल्युशनवर बहुतेक गेममध्ये अडसर ग्राफिक्स कार्डाचा असतो.

ओव्हरक्लॉक तुम्ही केलेच नसेल, तरी?

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. भाच्याच्या दुकानदाराने केलेले ‘ओसी’ म्हणजे काय होते? बायोसमध्ये जाऊन त्याने मदरबोर्डचा एक तयार पर्याय चालू केला होता, बस्स. असे पर्याय प्रोसेसरवरची विजेची मर्यादा जवळजवळ काढूनच टाकतात. कित्येक मदरबोर्डांवर तर ते कारखान्यातूनच चालू असायचे, कारण मग चाचण्यांमध्ये तो मदरबोर्ड शेजारच्यापेक्षा एक टक्का वेगवान दिसतो. म्हणजे ज्याने बायोस कधी उघडलेही नाही, त्याचाही प्रोसेसर मर्यादेबाहेर धावत होता.

त्याचा परिणाम २०२४ मध्ये जगाने पाहिला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम मध्येच बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा तो ‘व्हिडीओ मेमरी अपुरी’ असा. साहजिकच अनेकांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. (अकोल्याच्या दुकानदाराला म्हणूनच मी पूर्ण दोष देत नाही.) आधी इंटेलने मदरबोर्ड कंपन्यांना मूळ मर्यादा पाळायला सांगितले. पण खोलात गेल्यावर इंटेलच्या स्वत:च्या मायक्रोकोडमधली चूकही निघाली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवली. सप्टेंबरमध्ये कंपनीने मूळ कारण सांगितले : चढ्या व्होल्टेज आणि तापमानाखाली प्रोसेसरमधले क्लॉकचे सर्किट वेळेआधी म्हातारे होत होते. हमी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली इजा दुरुस्तीने भरून निघत नाही, हेही कंपनीनेच सांगितले. तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर घरात असेल आणि बायोस २०२४ नंतर अद्ययावत केलेला नसेल, तर हा लेख नंतर वाचा, आधी ते काम करा.

एएमडीवाल्यांनी हसू नये. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट करपल्याची छायाचित्रे फिरली. तिथेही कारण व्होल्टेज. मेमरी वेगवान करणारा तयार पर्याय निवडला की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जास्त व्होल्टेज द्यायचे. त्यानंतर एएमडीने ती मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. या दोन्ही प्रकरणांत केवळ तापमानाकडे डोळे लावून बसलेल्याला फारसे काही दिसले नसते. म्हणून तापमानाच्या शेजारी व्होल्टेज आणि वॉट हेही आकडे असावे लागतात.

९५ म्हणजे ताप की नेहमीचेच?

माणसाचे शरीर ९८.६ फॅरनहाइटवर ठीक असते, हे आपल्याला पाठ आहे. प्रोसेसरचे असे एकच उत्तर नाही. १४९००के ची मर्यादा १०० अंश सेल्सियस. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, तर त्याच मालिकेतल्या ७८००एक्स३डी ची ८९. एएमडीने २०२२ मध्ये स्पष्टच सांगितले, की भरपूर काम असताना हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणारच. उरलेल्या थंडाव्याचे ते वेगात रूपांतर करतात. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काही नाही. पण त्यामुळे एक गोंधळ झाला : चांगला कूलर लावलेल्या आणि वाईट कूलर लावलेल्या दोन्ही मशीनवर सर्व कोअर कामाला लावले की आकडा ९५ च दिसू शकतो. फरक दिसतो तो वेगात. एक ९५ वर ५.२ गिगाहर्ट्झने धावतो, दुसरा ९५ वरच ४.६ ने.

आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, याचे एक गमतीदार उदाहरण. २०१७ मध्ये रायझन १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा दाखवायचे. पंख्यांचे वेळापत्रक सगळ्या मॉडेलांना सारखे लागू पडावे म्हणून कंपनीने मुद्दाम ठेवलेली ती वाढ होती. हे माहीत नसलेल्यांनी नवे कूलर आणले, पेस्ट तीनतीनदा बदलली! इंटेलचा संवेदक तर मुळात ‘मर्यादेपासून किती अंश दूर’ एवढेच सांगतो. प्रोग्रॅम वजाबाकी करून आपल्याला तापमान दाखवतो. मर्यादेजवळ तो बऱ्यापैकी नेमका असतो, थंड असताना तितका नाही. त्यामुळे ‘माझा ३१ वर, तुझा ३६ वर’ ही स्पर्धा निरर्थक आहे.

मग बघायचे काय?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे नाही. ही उणीव इतकी वर्षे का राहू दिली, कोण जाणे. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प यांसारखे प्रोग्रॅम लागतात. खेळतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडा हवा असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर. इंटेल आणि एएमडी यांचे स्वत:चेही प्रोग्रॅम आहेत.

एचडब्ल्यूइन्फो पहिल्यांदा उघडला की गोंधळायला होते, शेकडो ओळी. त्यातली इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ आणि एएमडीवर ‘टीसीटीएल/टीडाय’ ही ओळ शोधायची. मदरबोर्डच्या नावाखाली नुसते ‘सीपीयू’ असेही एक तापमान असते. ते बऱ्याचदा हळू बदलते आणि कमी दिसते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. एखादी ओळ १२७ किंवा उणे काहीतरी दाखवत असेल तर दचकू नका, तिथे बहुधा संवेदक जोडलेलाच नसतो. प्रत्येक ओळीला आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे रकाने असतात. कमालचा आकडा घाबरवतो, पण तो अर्ध्या सेकंदाचा झटका असू शकतो. गेम सुरू होताना शेडर तयार होतात तेव्हा सगळे कोअर एकदम कामाला लागतात आणि असे होते. वीस मिनिटांच्या खेळानंतरची सरासरी पाहा. तिच्या जोडीला वेग आणि वॉट पाहा. इंटेलवर ‘थर्मल थ्रॉटलिंग’ समोर ‘येस’ आले आहे का, ते पाहा. वेग टिकून असेल आणि तापमान मर्यादेच्या दहा-पंधरा अंश खाली असेल, तर खेळा. वॉट कमी, तापमान मात्र मर्यादेवर, असे दिसले तर कूलर, पेस्ट किंवा धूळ यांपैकी काहीतरी नक्की बिघडलेले आहे.

प्राइम९५ सारख्या चाचण्या तासन्‌तास चालवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. गेम प्रोसेसरला तेवढे कधीच पिळत नाही. ओव्हरक्लॉकचे स्थैर्य तपासायला ती चाचणी योग्य. घरच्या मशीनची तब्येत बघायला तुम्ही रोज खेळता तो गेमच चालवावा.

आणि खोलीचे तापमान लिहून ठेवा. हा मुद्दा परदेशी चाचण्या वाचून मशीन घेणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. हवेचा असो वा पाण्याचा, कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती अंश वर, ते ठरवतो. २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत प्रोसेसर ७५ वर राहिला, तर फरक ५१ अंशांचा. तेच मशीन विदर्भातल्या ३८ अंशांच्या खोलीत निदान ८९ वर जाणार. कूलर तोच, पेस्ट तीच, सेटिंग तेच. जानेवारीत ‘स्थिर’ ठरवलेले ओव्हरक्लॉक मे महिन्यात कोसळते ते यामुळे. त्यात खेळताना मशीन स्वत: चार-पाचशे वॉट उष्णता त्याच बंद खोलीत सोडत असते. खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरने खोली बरीच उतरते, हे खरे. पण त्याचा ओला झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नये. बारीक तुषारांबरोबर पाण्यातले क्षार आणि धूळ आत जाऊन बसतात.

प्रोग्रॅम कुठून घ्यावा, याबद्दल दोन शब्द. संवेदक वाचायला प्रोग्रॅमला यंत्रणेच्या अगदी आतल्या थरात शिरावे लागते, आणि तीच वाट चोरालाही हवी असते. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून व्हायरस वाटण्याचे प्रकार झालेले आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर ‘विनरिंग-झीरो’ हा जुना ड्रायव्हर वापरणाऱ्या, एरवी भल्या, प्रोग्रॅमनाही अडवू लागला, कारण त्या ड्रायव्हरमध्ये खरोखरच भोक होते. २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ गेमच्या फसवणूकविरोधी यंत्रणेने तापमान वाचणाऱ्या काही प्रोग्रॅमचे ड्रायव्हर रोखले तेव्हा खेळाडू चिडले होते. बनवणाऱ्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या, नवी आवृत्ती घ्या, आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या व्हिडीओच्या नादी लागू नका.

मे महिन्यात उलटे करा

माझ्या मते आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकपेक्षा त्याच्या उलट, म्हणजे अंडरव्होल्ट, शहाणपणाचे आहे. व्होल्टेज पाच टक्के उतरले तर त्याच वेगाला उष्णता सुमारे दहा टक्के घटते. वर्गाचा तोच नियम इथे आपल्या बाजूने वळतो. एएमडीवर ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ किंवा नुसता ‘इको मोड’, इंटेलवर वॉटची मर्यादा खाली आणणे. गेममधला फरक डोळ्यांना बहुधा कळतही नाही, पंख्यांचा मात्र लगेच कळतो. ज्याला वेग वाढवण्यातच मौज वाटते त्याने जरूर वाढवावा. छंदाला हिशेब लावू नये. फक्त त्याने झालेले नुकसान सहसा कंपनीच्या हमीत बसत नाही, आणि इंटेलने पैसे घेऊन देऊ केलेली ओव्हरक्लॉकची वेगळी हमी-योजनाही २०२१ मध्ये बंद केली, हे माहीत असावे.

पण जो छंदिष्ट नाही, ज्याच्या बापाने दीड लाख रुपये मोजले आहेत, त्याचे काय? मशीन जोडून देणाऱ्या दुकानाने बिलासोबत एक कागद द्यावा : खोलीचे तापमान इतके, वीस मिनिटांच्या गेमनंतर प्रोसेसर इतका, ग्राफिक्स कार्ड इतके, वेग इतका, बायोसमध्ये कोणत्या मर्यादा काढल्या ते. अर्ध्या तासाचे काम आहे. गाडी सर्व्हिसिंगला दिली तर टायरच्या हवेचा आकडाही लिहून मिळतो.

भाच्याच्या मशीनवरचे पान सोलले, नवी पेस्ट लावली, बायोस अद्ययावत करून विजेची मूळ मर्यादा परत घातली. त्याच दुपारी, त्याच गेममध्ये प्रोसेसर ८१ वर थांबला आणि वेग पाच गिगाहर्ट्झच्या वर टिकला. ग्राफिक्स कार्ड जुनेच आहे. संध्याकाळी दुकानात जाऊन ते प्लास्टिकचे पान काउंटरवर ठेवले आणि तापमानाच्या कागदाचेही बोललो. दुकानदार ओशाळला, चहा मागवला. मग म्हणाला, ‘‘साहेब, द्यायला काय जाते? पण आजवर एकाही गिऱ्हाइकाने मागितला नाही. सगळे विचारतात ते एकच, लाइट किती रंगांच्या येतील?’’